अकरा पिशव्या आणि तीन लेणी

माझ्या फोनमध्ये श्रीलंकेतल्या सिगिरियाच्या डोंगरावरचे बासष्ट फोटो आहेत. माथ्यावरचं पाण्याचं टाकं आहे, खाली पसरलेलं जंगल आहे, वाटेतले ते सिंहाचे प्रचंड दगडी पंजे आहेत, आणि आमच्या सहलीतले अकरा जण टोप्या उंच करून उभे आहेत. मी मात्र कुठेच नाही. मी त्या वेळी पायथ्याशी एका बाकावर बसून अकरा जणांच्या अकरा पिशव्या सांभाळत होते. फोन तेवढा वर पाठवला होता.

घरी येऊन मात्र मी सांगितलं की मी चढले. का सांगितलं, देव जाणे! लेक, जावई, शेजारीपाजारी कौतुकाने विचारत होते, मी बोलून गेले, आणि एकदा बोलल्यावर मागे घ्यायची सोय राहिली नाही. आठ वर्षांची नात ओवी तर दुसऱ्याच दिवशी वर्गात सांगून मोकळी झाली की माझी तळेगावची आजी सिंहाच्या डोंगरावर चढली.

आता खरं काय ते सांगते. मला चढायची भीती नाही, उतरायची आहे. तीस वर्षांपूर्वी शाळेची सहल लोहगडावर नेली होती. वर छान गेले, तटाबुरुजांवर अर्धा तास बोलले, आणि उतरताना तिसऱ्या पायरीवर खाली नजर गेली. डोळ्यांपुढे सगळं गरगरलं आणि पाय जे खिळले ते खिळलेच. शेवटी आमच्या शाळेच्या शिपायाने मला पाठुंगळी घेऊन खाली आणलं. सहावीच्या चाळीस मुली मागून येत होत्या आणि एकीनेही आवाज काढला नाही. त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर दरवर्षी सहलीच्या दिवशी माझी तब्येत बिघडायची. एकतीस वर्षं मी इतिहास शिकवला. कार्ले, भाजे, बेडसे हा धडा तर तोंडपाठ. चैत्याची पिंपळपानी कमान फळ्यावर खडूने एका झटक्यात काढायचे. पण तळेगावाहून लोकलने चौथं स्टेशन मळवली, तिथे उतरून ही लेणी कधी पाहिली नाहीत. आमच्याकडे बहुतेकांचं हेच. पाहुणे आले की लोणावळ्याला भुशी धरणावर न्यायचे, चिक्की घ्यायची आणि घरी यायचं. लेणी काय, कुठे पळून चाललीत?

माझं बिंग फोडू शकेल असं एकच माणूस होतं, आणि ते नेमकं माझी विहीण निघालं.

शेवंताबाई म्हणजे ओवीची भाज्याची आजी. भाजे लेण्यांच्या पायऱ्या सुरू होतात तिथे त्यांचं ताक आणि लिंबूसरबताचं दुकान आहे. चार बांबू, वर पत्रा, पुढे फळी. लोक त्यांच्याकडे पिशव्या ठेवून वर जातात. लेकीच्या लग्नात मानपानावरून आमचं वाजलं होतं, आणि तेव्हापासून आम्ही एकमेकींशी जरा जपूनच बोलायचो. दिवाळीच्या फराळाला त्या आल्या, त्यांनी माझे बासष्टच्या बासष्ट फोटो शांतपणे पाहिले, "लय झ्याक हाय की" म्हणाल्या. मग मी स्वयंपाकघरात चहा टाकायला गेले तशा मागोमाग आल्या आणि हळूच म्हणाल्या, "ताई, ह्यात एकाबी फोटूत तुमी न्हाई."

मी चहात साखर दोनदा घातली.

"खालीच बसला हुता न्हवं? पिशव्या घिऊन?"

"तुम्हाला काय माहीत?"

"तीस वर्सं तेच बगतीया मी. वर कोण जानार आन् खाली कोण बसनार, गाडीतनं उतरल्या उतरल्या वळखते."

मी वाट पाहत होते की आता ही बाई बाहेर जाऊन सांगणार. मानपानाचं उट्टं काढायला याहून बरी संधी कुठली? तेवढ्यात ओवी धावत आली आणि तिने जाहीर केलं की पुढच्या रविवारी दोन्ही आज्यांनी तिला भाज्याच्या लेण्यांवर न्यायचंच. शेवंताबाईंनी माझ्याकडे पाहिलं, ओवीकडे पाहिलं. "नेऊ की," त्या म्हणाल्या. ओवी गेल्यावर मला म्हणाल्या, "बिस्तरवारी सकाळच्याला या. तीन दिस हायेत आपल्याकडं. भाताची झोडनी झालीया, मी बी मोकळीच हाय."

अशी ही माझी सहल ठरली.

गुरुवार, कार्ले

शेवंताबाईंचं म्हणणं, सुरुवात देवीपासून करायची. कार्ल्याच्या डोंगरावर लेण्याच्या तोंडाशीच एकविरा आईचं देऊळ आहे, त्यामुळे तिथे कधीच एकटं वाटत नाही. गुरुवार असूनही रायगडाकडची दोन-तीन कुटुंबं बेंजोवाले घेऊन आली होती. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना ओटीची दुकानं, नारळ, हार, पेढे, हळदकुंकवाचे ढीग. श्रीलंकेत दांबुल्लाच्या लेण्यांत लोक पांढरे कपडे घालून, हातात कमळं घेऊन, एक शब्द न बोलता फिरत होते. इथे घंटा, बेंजो, "एकविरा आईचा उदो उदो", आणि कुणाच्या तरी बगलेत कोंबडा. मला तिथली शांतता आवडली होती, पण खरं सांगते, घाबरलेल्या माणसाला गोंगाट बरा.

चढताना काहीच झालं नाही. दर्शन घेतलं, तिकीट काढलं आणि चैत्यात शिरले.

आणि मग मला रडूच आलं. दुसरा शब्द नाही त्याला. मी फळ्यावर वीतभर कमान काढून पोरींना सांगायचे, "ही पाहा कमान." अगं बाई गं, केवढी ती कमान! वर छताला लाकडी फासळ्या, दोन हजार वर्षांपूर्वी बसवलेलं लाकूड अजून जागच्या जागी. खांबांवर हत्ती, हत्तींवर जोडपी आरामात बसलेली. मी एकतीस वर्षं पोरींना किती लहान करून दाखवलं हे सगळं! शेवंताबाई म्हणाल्या, "रडा, रडा. देवीच्या दारात रडलं तर कोन इचारत न्हाई."

उतरताना व्हायचं तेच झालं. पहिल्या वळणावर खाली दरी दिसली, दरीत खेळण्यातल्यासारख्या गाड्या दिसल्या, आणि पाय खिळले. मागून माणसं येत होती. मी मटकन पायरीवर बसले. शेवंताबाईंनी जोर केला नाही, समजूत घातली नाही. त्याही लुगडं सावरून शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "चला, बसून उतरू." आणि आम्ही दोघी साठी ओलांडलेल्या बायका, बुडावर सरकत सरकत, एकेक पायरी उतरू लागलो.

वरून येणारी एक बाई थांबली. नाकात नथ, कपाळभर मळवट. "नवस हाय का गो?" तिने विचारलं.

शेवंताबाई ठसक्यात म्हणाल्या, "व्हय. लय कडक नवस हाय."

झालं! त्या बाईने आम्हा दोघींना वाकून नमस्कार केला, कुंकू लावलं आणि मागे ओरडून सांगितलं, "वाट द्या रं, नवस हाय!" लोक बाजूला झाले. कुणी फुलं टाकली, कुणी पेढा दिला. बेंजोवाल्यांनी आमच्यासाठी एक अख्खं गाणं वाजवलं. सरकत सरकत निम्मा डोंगर मी अशा थाटात उतरले की माझ्या लग्नाच्या वरातीलाही तेवढा मान मिळाला नव्हता. खाली आल्यावर पातळाची पार वाट लागली होती, आणि आम्ही दोघी रिक्षात बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. विहिणी म्हणून आमचं हे पहिलंच हसणं.

पण हसणं ओसरल्यावर मी म्हणाले, "रविवारी ओवीसमोर बुडावर उतरू का?"

"न्हाई," शेवंताबाई म्हणाल्या. "कायतरी बगू."

शुक्रवार, भाजे

रात्री त्यांच्याकडेच राहिले. नव्या इंद्रायणी तांदळाचा भात, वालाची आमटी, तव्यावर भाजलेल्या मिरचीचा ठेचा. श्रीलंकेत नारळाच्या दुधात शिजवलेला भात खाल्ला होता, वड्या पाडून देतात, सोबत तिखटजाळ चटणी. तेव्हा मी तो फार वाखाणला होता. हा नवा भात पानात वाढला आणि वास घराबाहेर ओट्यापर्यंत गेला, तेव्हा मी मनातल्या मनात शब्द मागे घेतले.

सकाळी त्यांनी मला आधी दुकानावर बसवलं. मी पुन्हा पिशव्या सांभाळत होते! एक, दोन, पाच, सात. राग यायला लागला. एवढ्यात वरून बायका उतरू लागल्या. दिवाळीनंतर डोंगरउतारावरचं गवत वाळतं, ते कापून भारे बांधून त्या लेण्यांच्या पायऱ्यांनी खाली आणतात. चार-पाच जणी, डोक्यावर हे एवढाले भारे, एकीचाही हात भाऱ्याला नाही, आपसात गप्पा चाललेल्या. खाली कुणी पाहतच नव्हतं.

"बगितलंत?" शेवंताबाई म्हणाल्या. "त्यास्नी भ्या का वाटत न्हाई, ठाव हाय?"

"सवय."

"सवय तर हायेच. पन डोक्यावर भारा असला की खाली बगताच येत न्हाई. मान वाकली की भारा पडला. नजर म्होरं ठेवायची आन् पायाला पायाचं काम करू द्यायचं."

एकतीस वर्षं मी शिकवलं, पण असं कुणी मला शिकवलं नव्हतं.

त्यांनी जुन्या लुगड्याचा तुकडा पिळून, गोल गुंडाळून चुंबळ केली. डोक्यावर ओझं टेकायला बायका ठेवतात तीच. आम्ही वर गेलो. भाज्याच्या चैत्याला पुढची भिंत नाही, त्यामुळे ती थोरली कमान लांबूनच दिसते, आणि आतले खांब किंचित आत कललेले. पुढे एका ओळीत दगडी स्तूप आहेत, चौदा. शेवटच्या लेण्यात रथातला सूर्य आहे, हत्तीवरचा इंद्र आहे, आणि एक बाई नाचतेय, दुसरी तिच्यासाठी वाजवतेय. मी शेवंताबाईंना सगळा धडा सांगितला. त्या म्हणाल्या, "लगीन करून आले तवापास्नं बगतीया ही नाचनारी. पर रथात बसलाय तो सूर्य हाय हे कुनी सांगितलंच न्हवतं." त्यांनी मग सूर्याला हात जोडले.

परत निघताना एका गवतवालीकडून त्यांनी छोटासा भारा मागून घेतला. माझ्या डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर भारा. मान ताठ. समोर फक्त आभाळ आणि इंद्रायणीकडच्या पिवळ्या शेतांची पट्टी. पहिली पायरी. पायाचा अंगठा पुढे गेला, कड चाचपली, टेकला. दुसरी. "नजर म्होरं, ताई," मागून आवाज. तिसरी. लोहगडावर मी तिसऱ्या पायरीलाच अडकले होते. चौथी! मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडले असते तर भारा पडला असता.

वळणावर शहरातली चार पोरं भेटली. "मावशी, जरा थांबा ना, एक फोटो!" एक म्हणाला, "काय ऑथेंटिक आहे यार!" कोटाची साडी, सोनेरी काड्यांचा चष्मा, पायात चांगले बूट, आणि मी ऑथेंटिक! मी मान न हलवता म्हणाले, "बाळा, काढ. भरपूर काढ. आणि चैत्याच्या खांबांवर नावं कोरू नका." त्यांनी दचकून काढला आणि गेले. कुणाच्या तरी फोनमध्ये मी डोंगर उतरताना आहे, ह्याचा मला खाली येईपर्यंत आनंद होत राहिला.

शनिवार, बेडसे

बेडशाला फार कुणी जात नाही. जाणार असाल तर सकाळीच जा. लेण्याचं तोंड पूर्वेला आहे. पायथ्याशी एकही दुकान नाही, पाणी बरोबर घ्या. चारशेच्या आसपास पायऱ्या आहेत म्हणतात. मी मोजल्या नाहीत, कारण शेवंताबाईंनी मोजायची बंदी केली होती.

त्या दिवशी भारा नव्हता, नुसती चुंबळ पिशवीत. वर पोचलो तर आम्ही दोघीच. कातळात अरुंद बोळ, त्यातून आत गेलं की एकदम उंचच उंच खांब, वर घोडे, हत्ती, बैल, आणि त्यांवर बसलेले स्त्रीपुरुष. उन्हाची तिरीप थेट त्यांच्या चेहऱ्यांवर. सिगिरियाच्या पायथ्याशी बसून मी ज्याला मुकले त्याची हळहळ गेले चार महिने वाटत होती. तिथे उभी असताना ती गेली. नुसती गेली.

तिथल्या पाण्याच्या एका टाक्यावर ते टाकं दान करणाऱ्या बाईचा लेख आहे. तो मी दाखवला.

"बाईनं पान्याची सोय केली व्हय?" शेवंताबाई वाकून त्या अक्षरांवरून बोट फिरवणार होत्या, मी हात धरला. "आन् दोन हजार वर्सं नाव ऱ्हायलं?"

"राहिलं."

"मी बी तर पानीच पाजते लोकास्नी," त्या म्हणाल्या आणि टाक्याशेजारी बसून राहिल्या. त्यांना एवढं सांगायला मी इतकी वर्षं लावली, म्हणून मला माझाच राग आला. लग्नातल्या त्या बोलण्याबद्दल मी त्यांची तिथे माफी मागितली. "कवाच इसरले," त्या म्हणाल्या, पण डोळे पुसले.

उतरताना नुसती चुंबळ डोक्यावर ठेवली. तीही पडू द्यायची नव्हती. शेवटच्या पन्नास-साठ पायऱ्यांवर ती घसरली, शेवंताबाईंनी झेलली, आणि मी तशीच, रिकाम्या डोक्याने, मान वर करून उतरले. खाली आल्यावर मागे वळून डोंगराकडे पाहिलं आणि दोन्ही हात वर केले. चरणाऱ्या म्हशींनी माना वळवून पाहिलं.

रविवार, पुन्हा भाजे

रविवार म्हणजे शेवंताबाईंचा धंद्याचा दिवस. सकाळी ओवी आणि मी पोचलो तर फळीवर फडकं झाकलेलं. एक मोठा घोळका आला. "मावशी, बॅगा ठेवता ना?"

"आज न्हाई. आज आमी बी वर चाललोय."

ओवी उड्या मारत चढली. वर तिला सूर्य शेवंताबाईंनी दाखवला, मी नाही. बरोबर सांगितलं सगळं, अगदी रथाच्या चाकाखाली चिरडलेल्या राक्षसांपर्यंत.

आणि उतरताना, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, ओवी थांबली. तिची नजर खाली गेली होती. कठड्याला घट्ट धरून उभी, ओठ पांढरे. तो चेहरा मी ओळखला. तो माझाच होता.

"आजी, सिंहाच्या डोंगरावर तुला भीती नाही वाटली?"

शेवंताबाई माझ्याकडे पाहत होत्या. अजूनही मी ‘नाही’ म्हणून सुटले असते. तीन दिवस मी त्यासाठीच तर घाम गाळला होता.

"ओवी, मी तिथे चढलेच नाही," मी म्हणाले. "उतरायची भीती वाटली म्हणून खाली बसले. अकरा जणांच्या पिशव्या सांभाळल्या. तुझ्याशी खोटं बोलले."

तिने डोळे मोठे केले. तिच्या नजरेला नजर देणं हे त्या पायऱ्यांहून अवघड होतं.

"मग आता इथून कशी उतरणार तू?"

मी पिशवीतून चुंबळ काढली आणि तिच्या डोक्यावर ठेवली. "नजर म्होरं ठेवायची," मी म्हणाले, "आणि पायाला पायाचं काम करू द्यायचं. ही पडली तर पुन्हा पहिल्यापासून." मी एक पायरी खाली, ती मागे, तिच्यामागे तिची भाज्याची आजी. एकदाही थांबलो नाही. चुंबळ एकदाही पडली नाही.

खाली आल्यावर शेवंताबाईंनी तिघींसाठी ताक ओतलं. अर्धा पेला संपवून ओवी म्हणाली, "मी उद्या वर्गात खरं सांगते. आजी सिंहाच्या डोंगरावर चढली नव्हती. पण भाज्याहून उतरली, आणि मलापण उतरवलं."

मघाशी बॅगा ठेवू पाहणाऱ्या घोळक्यातली एक मुलगी खाली येऊन सरबताची वाट पाहत होती. तिच्या हातात मी माझा फोन दिला. त्रेसष्टाव्या फोटोत ओवी मधे आहे, डोक्यावर चुंबळ. शेवंताबाई उजवीकडे, पदर तोंडाशी धरून हसताहेत. डावीकडे केस विस्कटलेली, डोळे मिटलेली, तोंड उघडं असलेली एक बाई आहे. ती मी आहे.